माती सपाट करणारी घरची फळी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ऑक्टोबरात पाऊस मागे सरला की ठाणे जिल्ह्यातल्या जमिनीला जेमतेम चार-सहा आठवड्यांचा असा काळ मिळतो, ज्यात माती चिखलही नसते आणि दगडासारखी कडकही झालेली नसते. या दिवसांत आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे जमीन सपाट करण्यासाठी घरी केलेल्या किंवा जवळच्या वेल्डरकडून करून घेतलेल्या, मागे ओढायच्या फळीविषयी आहेत, म्हणून या वेळची सगळी जागा त्याच प्रश्नांना दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी ठाण्यात कोलशेतला राहतो. मुरबाड तालुक्यात आमची वडिलोपार्जित १० गुंठे जमीन आहे. तिथे आंबा आणि थोडा भाजीपाला लावायचा आहे. जमीन सपाट करण्यासाठी मी पाच फुटी ओंडका साखळीने मिनी ट्रॅक्टरला बांधून तीन वेळा फिरवला. वरून पाहता जमीन छान दिसू लागली, पण परतीच्या पावसाच्या शेवटच्या सरीचे पाणी पूर्वीच्याच तीन ठिकाणी साचले. ओंडका हलका पडला का, की आणखी फेऱ्या मारायला हव्यात? लोखंडी फळी करून घ्यायची झाल्यास ती कशी असावी?

उत्तर : आपला ओंडका हलका नाही आणि फेऱ्याही कमी पडलेल्या नाहीत. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांकडे या कामासाठी दोन निरनिराळी अवजारे असत, हे इथे आठवले पाहिजे. मैंद म्हणजे बैलांमागे ओढायचे जड लाकूड. ते ढेकळे फोडते आणि वरची माती सारखी करते. केणी ही उंचवट्यावरची माती खरवडून, पोटात घेऊन खळग्यापर्यंत वाहून नेते. आपण केणीचे काम मैंदाकडून करून घेऊ पाहत आहात. ओंडका जमिनीवरून जाताना तिचा आकार तसाच ठेवून फक्त वरचा खरबरीतपणा काढतो, त्यामुळे नजरेला जमीन सपाट वाटते आणि पाणी मात्र फसत नाही.

याचे कारण ओंडक्याच्या आडव्या लांबीत नाही, तर ओढण्याच्या दिशेने त्याचा जमिनीला जेवढा टेका मिळतो त्यात आहे. ओंडक्याचा टेका वीतभरच असतो. उंचवटा ६ सेंटिमीटरचा असेल तर ओंडकाही ६ सेंटिमीटर वर चढतो आणि पुढच्या खळग्यात तितकाच खाली उतरतो. त्याऐवजी ८ फूट लांबीची ताठ चौकट ओढली आणि तिच्या मध्यावर पाते बसवले, तर पुढचे टोक ६ सेंटिमीटर चढले तरी पाते ३ सेंटिमीटरच उचलले जाते, आणि चौकट उंचवट्याच्या दोन्ही बाजूंना टेकली की तेच पाते उंचवट्याचा माथा तासू लागते. म्हणून फळीत आधी लांबी आणि ताठपणा पाहावा, वजन त्यानंतर. कितीही जड असले तरी आखूड अवजार जमिनीची नक्कलच करते.

मिनी ट्रॅक्टरसाठी ८ फूट लांब आणि ५ फूट रुंद अशी चौकट पुरेशी होते. रुंदी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या मापापेक्षा दोन्ही बाजूंना वीतभर जास्त असावी, नाहीतर चाकांचे चर तसेच राहतात. दोन बाजूंना १०० मिलिमीटरच्या सी-चॅनलचे (इंग्रजी C च्या आकाराच्या लोखंडी पट्टीचे) दोन तुकडे लावावेत आणि त्यांची पुढची टोके घसरगाडीच्या पट्ट्यांसारखी तिरकी कापून वर वळवून घ्यावीत, म्हणजे ती मातीत रुतणार नाहीत. मध्ये ७५ मिलिमीटरच्या, ८ मिलिमीटर जाडीच्या अँगलची (काटकोनी लोखंडी पट्टीची) दोन पाती बसवावीत. पाती सरळ आडवी न ठेवता साधारण २० अंशांनी तिरकी ठेवावीत आणि दोघींचा तिरकेपणा परस्परविरुद्ध असावा. पहिले पाते माती उजवीकडे ढकलते, दुसरे ती परत डावीकडे आणते, त्यामुळे बाजूला मातीची वळ उरत नाही आणि चौकटही एका अंगाला ओढली जात नाही. मागे-पुढे ५० मिलिमीटरच्या अँगलचे आडवे आधार दिले की सगळ्याचे मिळून वजन ८५ ते ९० किलो भरते आणि तेवढे सुरुवातीला पुष्कळ असते.

पाती वेल्ड करून कायमची चिकटवू नयेत, ही माझी आग्रहाची सूचना आहे. वेल्डरला घाई असते आणि तो 'पक्के करून टाकू' म्हणतो. त्याला चॅनलमध्ये उभी लांबट भोके पाडायला सांगून पाती नट-बोल्टने बसवून घ्यावीत. पहिल्या फेऱ्यांना पात्याची धार चॅनलच्या तळापेक्षा १० ते १२ मिलिमीटर खाली असावी, म्हणजे ते माती तासते. शेवटच्या फेऱ्यांना धार तळाच्या बरोबरीला आणावी, म्हणजे ते फक्त पसरते. हा बदल करता आला नाही तर तीच चौकट दुसऱ्या दिवशी झालेले काम उकरून टाकते.

साखळी चौकटीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना बांधून मध्ये एकत्र आणावी आणि ट्रॅक्टरच्या मागे खाली असलेल्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या दांड्याला, अडकवावी. ती आखूड ठेवली तर ओढ वरच्या दिशेने लागते आणि चौकटीचे नाक उचलले जाते. लांब केली तर ओढ आडवी होते आणि पुढची बाजू अधिक चावते. चार-पाच फुटांपासून सुरुवात करून एकेक कडी कमी-जास्त करीत गेल्यास अर्ध्या तासात आपल्या मातीला मानवणारी लांबी सापडते. मात्र आखूड वळणावर साखळी मागच्या चाकाला घासता कामा नये आणि चौकट बांधलेली असताना ट्रॅक्टर मागे घेऊ नये.

इतके सगळे केले तरी आपले तीन खळगे या चौकटीने भरतील असे मी म्हणणार नाही. चौकटीपेक्षा लांब असलेल्या खळग्यात ती सगळीच्या सगळी उतरते. आपल्याकडचा एखादा खळगा ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि सरासरी ७ सेंटिमीटर खोल असेल, तर त्यात सुमारे २.१ घनमीटर, म्हणजे दीडशेच्या आसपास घमेली माती हवी. पात्यापुढे एका वेळी जेमतेम एक-दोन घमेली माती राहते आणि तीही वाटेत सांडत जाते. ही माती केणीने, ट्रॅक्टरच्या मागच्या लेव्हलरने किंवा सरळ फावड्या-घमेल्याने नेऊन टाकावी लागेल. चौकट त्यानंतर फिरवायची.

माती कुठून उचलायची आणि कुठे टाकायची हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी पुरते. आपली जमीन २५ मीटर बाय ४० मीटरच्या आसपास असेल, तर दर ५ मीटरवर खुंटी ठोकल्यास ५४ जागा होतात. घराची पायरी किंवा एखादा न हलणारा दगड हे मूळ ठिकाण धरावे. तिथे नळीतले पाणी पट्टीवर ८० सेंटिमीटरवर स्थिर करून दुसरे टोक प्रत्येक खुंटीपाशी न्यावे आणि मूळ ठिकाणचे पाणी दर वेळी ८० वरच ठेवून खुंटीपाशी जमिनीपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. ते ९४ आले तर ती जागा पायरीपेक्षा १४ सेंटिमीटर खाली आहे, ७१ आले तर ९ सेंटिमीटर वर आहे. कागदावर चौकोन आखून हे आकडे लिहिले की उंचवटे आणि खळगे डोळ्यांसमोर उभे राहतात.

नळीत बुडबुडा राहू देऊ नका. माझ्या स्वतःच्या जागेत पहिल्या वर्षी मी सकाळी घाईने नळी भरली आणि मधल्या वेटोळ्यात बोटाच्या पेराएवढा बुडबुडा राहून गेला. एका बाजूच्या साऱ्या खुंट्या ४ सेंटिमीटरने चुकल्या आणि त्या चुकीच्या आकड्यांवर मी दोन दिवस माती टाकली. आषाढात पाणी वांग्यांच्या वाफ्याकडे वळले आणि निम्मी रोपे मुळाशी कुजली. तेव्हापासून नळी भरताना मी पाण्यात चिमूटभर नीळ टाकतो, पूर्ण नळी उन्हात धरून पाहतो आणि दोन्ही टोके शेजारी-शेजारी धरून पाणी एका रेषेत येते का, हे तपासल्याशिवाय पहिली खुंटी मोजत नाही.

शेवटी, भातखाचर सोडून इतर जमीन अगदी सपाट करू नये. वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आपल्या जिल्ह्यात दर १०० फुटांना १ फूट ढाळ ठेवला तर पाणी निघूनही जाते आणि माती वाहतही नाही. हा ढाळ नैसर्गिक ओहोळाकडे असावा, शेजाऱ्याच्या बांधाकडे नव्हे. आणि मुरबाडच्या बाजूला वरची काळपट माती बऱ्याच जागी वीत-दीड वीतच असते, तिच्याखाली मुरूम लागतो. उंचवटा तासण्यापूर्वी ही वरची माती एका बाजूला काढून ठेवावी आणि काम झाल्यावर परत पसरावी. नाहीतर जमीन सपाट होईल, पण आंब्याच्या रोपाच्या वाट्याला मुरूम येईल.

प्रश्न : नेरुळमधील आमच्या सोसायटीच्या आवारात ३० मीटर बाय २० मीटरचे मातीचे मैदान आहे. गेल्या वर्षी एका ठेकेदाराने यंत्राने वरवर खरवडून ते 'लेव्हल' करून दिले, पण यंदा चार महिने मध्यभागी तळे साचले होते. कार्यकारिणीतील एका सदस्यांचे म्हणणे असे की, जाळी आणि जुने टायर एकत्र बांधून आपल्याच मोटारीने ओढले तर काम होईल. हे योग्य ठरेल का? (सचिव)

उत्तर : जाळी आणि टायर यांना माझी हरकत नाही, मोटारीला आहे. मोटारीची चाके सैल मातीत जागीच फिरतात आणि दर फेरीला नवे चर पाडतात, सतत सावकाश ओढण्याने क्लच जळतो आणि टोचनाचा हुक वाहन बंद पडल्यावर ओढून नेण्यासाठी असतो, तासन् तास ओझे ओढण्यासाठी नसतो. त्यातून सोसायटीच्या आवारात मुले कुठून धावत येतील याचा नेम नाही. एवढ्या मैदानासाठी भाड्याचा पॉवर टिलर एक दिवस आणला तरी पुरे होते आणि अखेरचे काम दोन माणसे हाताने ओढतील अशा २०-२५ किलोच्या फळीने उत्तम होते.

जाळीची चटई करायची असेल तर कुंपणाच्या जाळीचा ५ फूट बाय ४ फुटांचा तुकडा घ्यावा, पुढच्या कडेला दोन इंची लोखंडी पाइप तारेने घट्ट बांधावा, बाकीच्या कडांची टोके आत दुमडावीत आणि वर एक टायर आडवा ठेवावा. ही चटई खडे वेचते, पावलांचे ठसे मिटवते आणि मैदानाला साय धरल्यासारखा गुळगुळीतपणा आणते. खळगे मात्र ती भरत नाही. ती लवचिक असते, म्हणून खळग्यातही तितक्याच मायेने शिरते.

आपल्याकडे तळे का साचले, याचे उत्तर ठेकेदाराच्या यंत्रापेक्षा गटाराच्या तोंडाशी शोधावे. नवी मुंबईचा बराचसा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून वसवलेला आहे आणि पावसाचे पाणी साठवण्यासाठी तिथे धारण तलाव ठेवले आहेत, ते याच सखलपणामुळे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या भरतीला मोठा पाऊस आला तर गटारांतले पाणी पुढे सरकत नाही. म्हणून आधी आवारातल्या गटाराच्या तोंडाची पातळी नळीने मोजावी. मैदानाचा मध्य त्या तोंडापेक्षा खाली असेल तर कोणत्याही फळीने पाणी निघणार नाही, मध्यावर मुरूम-मातीचा भराव टाकून मैदान उचलावेच लागेल. भराव टाकताना मधोमध लांबीच्या दिशेने माथा ठेवावा आणि दोन्ही बाजूंना १० मीटरमध्ये १० सेंटिमीटर ढाळ द्यावा. हा ढाळ खेळणाऱ्याच्या पायाला जाणवत नाही. पुरुषांच्या कबड्डीचे १३ मीटर बाय १० मीटरचे मैदान आखायचे असेल तर ते माथ्याच्या एकाच बाजूला घ्यावे, म्हणजे दोन्ही संघांना सारखी जमीन मिळेल.

काम सुरू करण्यापूर्वी पाण्याची, पाइप गॅसची आणि विजेची वाहिनी कुठून गेली आहे ते इमारतीच्या नकाशावर पाहून जमिनीवर चुन्याने आखून घ्यावे. चेंबरची झाकणे हा याहून साधा आणि नेहमी विसरला जाणारा धोका आहे. फळीची धार झाकणाच्या कडेत अडकली की एक तर झाकण उपटते किंवा फळी वाकते. झाकणाभोवती दोन फूट जागा हातानेच करावी. झाडांच्या बुंध्यांभोवतीही तेच करावे आणि खोडाला पूर्वीच्या पातळीपेक्षा वर माती लावू नये, कारण खोडाची साल मातीत गाडली गेली की ती कुजू लागते.

भराव ४ इंचांपेक्षा जाड थराने एकदम टाकू नये. प्रत्येक थरावर बेताने पाणी मारून, तो वाफशाला आला, म्हणजे चिकटही नाही आणि कोरडाही नाही असा झाला, की रूळ फिरवावा, कोपऱ्यांत धुम्मस करावी, म्हणजे ठोकून माती घट्ट बसवावी, आणि मग पुढचा थर टाकावा. मैदान सोसायटीच्या मालकीचे नसून भाडेपट्ट्यावर किंवा देखभालीसाठी मिळालेले असेल, तर भरावापूर्वी मालक संस्थेची लेखी परवानगी घ्यावी.

प्रश्न : आमचे दिवा गावाजवळ खाडीकाठी वडिलांचे खार जमिनीतले भातखाचर आहे. फळी फिरवली की माती फळीलाच चिकटते आणि सुकल्यावर फिरवावी तर फक्त ढेकळे घरंगळतात. मी काय करू?

उत्तर : आपण दोन टोके गाठत आहात, काम या दोन्हींच्या मध्ये आहे आणि त्याला आपले वडील वाफसा म्हणत असतील. मूठभर माती दाबून पाहावी. तिचा गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर तो फुटला, तर त्या दिवशी फळी फिरवावी. गोळा पडून चपटा झाला तर थांबावे आणि मूठ उघडताच माती सुटली तर वेळ गेली असे समजून पुढच्या ओलीची वाट पाहावी. खाडीकाठच्या चिकण मातीत हा काळ चार-पाच दिवसांचाच असतो, त्यामुळे फळी, साखळी आणि ट्रॅक्टर आधीच ठरवून ठेवलेले असावेत.

खार जमिनीत वरून फार तासूही नये. उन्हाळ्यात खालचे क्षार वर येतात आणि पांढरी पापडी दिसते. वरचा, पावसाने धुतला गेलेला थर काढून टाकला तर अधिक खारट माती उघडी पडते. यापेक्षा चिखलणीच्या वेळी खाचरात दोन-तीन इंच पाणी धरून लाकडी फळी फिरवणे चांगले. पाणी हीच तिथली सपाटी पाहायची पाणसळ असते. जिथे माती पाण्याबाहेर डोकावते तिथली ओढायची आणि जिथे पाणी खोल आहे तिथे सोडायची. मोड आलेले रहू बियाणे फेकून पेरणार असाल तर ही समता फार महत्त्वाची आहे, कारण खळग्यात पडलेले बी बुडून कुजते.

बांधाच्या पलीकडे तिवरे असतील तर त्या बाजूला मातीचा एक ढेकूळही सारू नये. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनाच्या नाशाला मनाई केली आहे आणि त्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही संरक्षित धरला जातो. कायदा बाजूला ठेवला तरी आपला बांध लाटांपासून याच झाडांनी राखला आहे.

प्रश्न : कळव्याच्या एका भंगारवाल्याकडे रेल्वेच्या रुळाचा पाच फुटी तुकडा मिळतो आहे. फळीला त्याच्याइतके जड काही नाही असे सगळे सांगतात. घ्यावा का?

उत्तर : घेऊ नये. रेल्वेच्या मालमत्तेचा बेकायदेशीर ताबा हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. माल कायदेशीर लिलावातून आला असल्याचे कागद विक्रेत्याकडे नसतील, तर तो आपल्या अंगणात आल्यावर उत्तर आपल्यालाच द्यावे लागेल. तांत्रिक दृष्टीनेही तो सोयीचा नाही. रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलो भरतो, म्हणजे पाच फुटांचा तुकडा ८०-९० किलोंचा होतो आणि ते सारे वजन एका अरुंद कडेवर येऊन मऊ मातीत चर पडतो. तेवढ्याच वजनात पहिल्या उत्तरात सांगितलेली पूर्ण चौकट तयार होते.

प्रश्न : मी कोपरीला राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. शहापूरजवळ आमची वाडी आहे. फळीला वजन हवे म्हणून माझा मुलगा माझ्या दोन नातवंडांना त्या फळीवर बसवून ट्रॅक्टर चालवतो. मी रागावले तर म्हणतो, 'आई, आम्हीसुद्धा लहानपणी मैंदावर बसायचो.' माझी भीती अनाठायी आहे का?

उत्तर : ताई, आपली भीती पूर्णपणे रास्त आहे. हे उत्तर आपण चिरंजीवांना वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे.

मैंदावर मुले बसत, हे खरे. पण तो मैंद बैल ओढत असत. मूल पडले की बैल ओरडण्यानेच थांबत, आणि मैंद दगडाला अडला तर बैलही थबकत. ट्रॅक्टर थांबत नाही. फळी एखाद्या मुळाला अडली तर साखळी ताणली जाते, फळी उसळते आणि बसलेले मूल पुढे, साखळी आणि धार यांच्या मध्ये फेकले जाते. चालवणाऱ्याचे तोंड पुढे असते, इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, आणि मागे वळून पाहायला लागणारे दोन क्षण ८ फुटांची फळी अंगावरून जायला पुरेसे असतात. मोठ्या माणसानेही त्यावर उभे राहू नये.

वजन हवेच असेल तर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून, तोंडे शिवून, त्या चौकटीला दोरीने बांधाव्यात. दोन गोण्यांनी सुरुवात करावी. बहुतेक वेळा असे दिसते की कमतरता वजनाची नसते. माती आधी मोकळी केलेली नसते. आधी कल्टिव्हेटर किंवा कुळव उभा-आडवा फिरवला तर हलकी फळीही काम करते.

चिरंजीवांना आणखी एक गोष्ट विचारावी, ती म्हणजे साखळी ट्रॅक्टरला कुठे बांधतात. फळीचे नाक उचलावे म्हणून काही जण ती सीटच्या मागे, वरच्या लिंकच्या पिनेला बांधतात. ओढ मागच्या चाकांच्या आसापेक्षा वरून लागली आणि फळी अचानक अडली, तर ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जाऊन तो मागे उलटतो आणि चालकाला उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारलाच असावी. वेग माणूस झपझप चालतो तेवढाच, तासाला ४ ते ५ किलोमीटर ठेवावा. त्याहून जोरात गेले की फळी उड्या मारू लागते आणि जमिनीवर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा उठतात, त्या पुढच्या फेरीत वाढतच जातात.

नातवंडांना कामात घ्यायचेच असेल तर त्यांना नळीचे दुसरे टोक धरायला आणि खुंट्यांचे आकडे वहीत लिहायला द्यावे. शिक्षिका आजीच्या देखरेखीखाली ते काम बिनचूक होईल.

प्रश्न : एका गुंठ्यावर एक इंच भराव टाकायला किती ब्रास मुरूम लागतो? आणि आमच्याच दुसऱ्या शेतातला मुरूम आणला तर चालेल का? (घणसोली)

उत्तर : गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि ब्रास १०० घनफुटांचा. एक इंच थराला सुमारे ९१ घनफूट माल लागतो. पण सैल मुरूम पाणी मारून दाबल्यावर पाव ते पंचमांश बसतो, म्हणून एक इंच पक्का थर हवा असेल तर गुंठ्याला सव्वा ब्रासच्या आसपास धरावे. गाडी आली की हौद्याची लांबी, रुंदी आणि मालाची उंची स्वतः टेपने मोजावी, मध्ये ढीग आणि कडेला खळगा असेल तर सरासरी उंची धरावी.

मुरूम हे गौण खनिज आहे. शेत आपले असले तरी तिथून उत्खनन करून दुसरीकडे नेण्यासाठी तहसील कार्यालयाची परवानगी, स्वामित्वधनाचा भरणा आणि वाहतूक पास लागतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना उत्खननाला दंड होतो आणि वाहनही अडकते. विकत घेतलात तरी चालकाकडचा पास पाहूनच गाडी रिकामी करू द्यावी.

प्रश्न : फळीचे काम झाल्यावर ती पुढच्या वर्षापर्यंत कशी ठेवावी? आणि काम नीट झाले की नाही, हे पावसाळ्यापूर्वी कळते का? (अंबरनाथ)

उत्तर : चिकटलेली माती ओली असतानाच खरवडून काढावी, पात्यांना आणि बोल्टच्या आट्यांना वापरलेले इंजिन ऑइल पुसून लावावे आणि चौकट चार विटांवर, धार जमिनीला न टेकवता ठेवावी. वर ताडपत्री घालावी. लहान मुलांचा वावर असेल तर ती भिंतीला उभी करून ठेवू नये.

काम तपासण्यासाठी जूनची वाट पाहण्याची गरज नाही. भरावाच्या जागेवर टँकरचे किंवा विहिरीचे पाणी सोडून पाहावे आणि ते कुठे रेंगाळते तिथे खुंटी ठोकावी. तरीही पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींत भराव थोडा बसतोच. त्या सरींनंतर छत्री घेऊन एक फेरी मारावी, साचलेल्या प्रत्येक डबक्यात पट्टी उभी धरून खोली मोजावी आणि आकडा खुंट्यांच्या त्याच कागदावर लाल शाईने लिहावा. दोन सेंटिमीटरपर्यंतची डबकी पुढच्या वाफशाला चौकटीच्या दोन फेऱ्यांत जातात. त्याहून खोल असलेल्यांसाठी घमेले काढावे लागेल.